पाणबुडीच्या तळाशी गरम पाण्याची लाइन

एप्रिल २००६ मध्ये जर्मन नौदलाची यू-३२ ही पाणबुडी जर्मनीहून स्पेनमधल्या रोटा बंदराकडे निघाली आणि वाटेत दोन आठवडे एकदाही वर आली नाही. स्नॉर्केलची नळीसुद्धा पाण्याबाहेर काढली नाही. साध्या डिझेल-इलेक्ट्रिक पाणबुडीची बॅटरी फार तर काही दिवस टिकते. मग इंजिन चालवायला हवा लागते आणि हवेसाठी पृष्ठभागाजवळ यावंच लागतं. यू-३२ मध्ये अणुभट्टी नाही. तिच्याकडे आहे हायड्रोजन, द्रवरूप ऑक्सिजन आणि या दोघांच्या संयोगातून थेट वीज करणारा फ्यूएल सेल. २०१३ मध्ये याच पाणबुडीने अमेरिकेच्या किनाऱ्याकडे जाताना १८ दिवस पाण्याखाली काढले.

कौतुक झालं ते फ्यूएल सेलचं, आणि ते व्हायलाच हवं होतं. माझं लक्ष मात्र हायड्रोजनच्या सिलिंडरांवर आहे. या सिलिंडरांत गॅस मोकळा नसतो. तो धातूच्या भुकटीत मुरलेला असतो. बाहेर काढायचा तर भुकटीला ऊब द्यावी लागते. उष्णता कुठून आणायची, ती भुकटीच्या पोटापर्यंत कशी पोचवायची आणि भरताना उलट दिशेने कशी काढायची, हे सुटलं म्हणून ही पाणबुडी चालते. मोटारगाडीत तेच अडलं, आणि धातूत हायड्रोजन साठवणाऱ्या गाड्या प्रयोगापलीकडे गेल्या नाहीत.

आधी एक छोटी गोष्ट सांगतो. पाणबुडीचं सगळं प्रकरण तिच्यात आहे.

आमच्या लॅबमध्ये थर्मासएवढी एक हायड्राइडची, म्हणजे हायड्रोजन मुरलेल्या धातूची, बाटली होती. आत लँथॅनम-निकेलची भुकटी, पुढे एक छोटा फ्यूएल सेल आणि त्यावर दिवा. दिवा छान पेटायचा, पण थोड्या वेळाने मंद होत होत विझायचा. विद्यार्थी म्हणाला, "सर, गॅस संपला." बाटली काट्यावर ठेवली. वजन सांगत होतं की बहुतेक हायड्रोजन आतच आहे. हात लावला तर बाटली गार, आणि बाहेरून फ्रिजमधून काढलेल्या तांब्यासारखा घाम सुटलेला. कोमट पाण्याच्या बादलीत ती बुडवली आणि दोन-तीन मिनिटांत दिवा पुन्हा पेटला. बादलीपाशी उभ्या असलेल्या त्या मुलाला मी पुढे काही शिकवायची गरजच उरली नाही.

झालं काय होतं? हायड्रोजन धातूत शिरतो तेव्हा उष्णता बाहेर पडते आणि निघताना तेवढीच परत घेतो. लँथॅनम-निकेलसाठी हा हिशेब हायड्रोजनच्या मोलमागे, म्हणजे २ ग्रॅममागे, सुमारे ३१ किलोज्यूल, टायटॅनियम-लोह जातीच्या मिश्रधातूंसाठी २८ च्या आसपास. मोलचा आकडा हाताला लागत नाही, म्हणून किलोत सांगतो. १ किलो हायड्रोजन सोडवायला साधारण १४ मेगाज्यूल, म्हणजे जवळपास ४ युनिट वीज. एवढ्या उष्णतेत ४० लिटर पाणी नळाच्या तापमानापासून उकळीपर्यंत जातं.

ही उष्णता बाहेरून आली नाही, तर हायड्रोजन ती भुकटीतूनच खेचतो आणि भुकटी गार पडते. किती लवकर? १ किलो मिश्रधातूत १५ ग्रॅम हायड्रोजन धरू. तो सगळा काढायला सुमारे २१० किलोज्यूल लागतील. आणि १ किलो धातू २० अंशांनी गार करून मिळतात जेमतेम १० किलोज्यूल. थोडक्यात, पाच टक्के गॅस निघाला की धातू २० अंशांनी उतरलेला. बाकी ९५ टक्के आत आहे, पण येत नाही.

येत नाही, कारण दाब पडलेला असतो. हायड्राइडचा दाब सिलिंडर किती भरलंय त्यावर फारसा ठरत नाही, तो तापमानावर ठरतो. भुकटी अर्धी भरलेली असो की पाऊण, तापमान तेच असेल तर दाब जवळपास तोच. आलेखावर ही सपाट रेघ दिसते, तिला पठार म्हणतात. तापमान बदललं की अख्खं पठार वर-खाली सरकतं. मोलमागे २८ किलोज्यूलवाला मिश्रधातू खोलीच्या तापमानापासून १० अंशांनी गार केला, तर दाब सुमारे एक तृतीयांशाने घटतो. २० अंशांनी केला तर निम्म्याच्याही खाली. लँथॅनम-निकेलचं पठार २५ अंशांना २ बारच्या आसपास असतं. ५ अंशांना ते बाहेरच्या हवेच्या दाबाखाली जातं. आमच्या बाटलीला घाम आला तेव्हा ती त्या वाटेवर होती.

या धातूचा शोधही गमतीशीर आहे. साठच्या दशकाच्या अखेरीस नेदरलँड्समधल्या आइंटहोव्हन इथे फिलिप्सच्या प्रयोगशाळेत लोक सॅमेरियम-कोबाल्टच्या चुंबकांवर काम करत होते. तो मिश्रधातू हायड्रोजन पितो हे लक्षात आलं, मग त्याच्या भाऊबंदांची तपासणी सुरू झाली, आणि लँथॅनम-निकेल हाती लागला. टायटॅनियम-लोह अमेरिकेतल्या ब्रुकहेव्हन प्रयोगशाळेतून आला, त्याची माहिती १९७४ मध्ये प्रसिद्ध झाली. तो स्वस्त, म्हणून मोठ्या टाक्यांचा विचार करणाऱ्यांना आवडला.

आता पाणबुडीकडे येऊ. यू-३१ आणि यू-३२ ही टाइप २१२ए या जातीच्या पाणबुड्यांची पहिली जोडी, १९ ऑक्टोबर २००५ रोजी एकाच दिवशी नौदलात दाखल झाली. कील इथल्या एचडीडब्ल्यू गोदीचं डिझाइन, लांबी ५६ मीटर, माणसं जेमतेम २७-२८. फ्यूएल सेल सीमेन्सचे, पॉलिमर पडद्याचे. म्हणजे ते ८० अंशांच्या आसपास चालतात आणि त्यांना थंड ठेवायला सतत पाणी फिरवावं लागतं. यू-३१ वर ३० ते ४० किलोवॅटची ९ मॉड्यूल बसवलेली आहेत. हायड्रोजनची सिलिंडरं दाब सोसणाऱ्या मुख्य कवचाच्या बाहेर, बाहेरच्या कवचाच्या आत. माणसं राहतात तिथे हायड्रोजनचा साठा नाही. कल्पना एका रात्रीत आलेली नव्हती. १९८८-८९ मध्ये यू-१ या जुन्या पाणबुडीवर फ्यूएल सेल बसवून समुद्रात चाचण्या झाल्या होत्या. तेव्हाचे सेल मात्र अल्कलाइन जातीचे होते.

या मॉड्यूलांची कार्यक्षमता पूर्ण भारावर ५८-५९ टक्के सांगतात. तो आकडा धरून हिशेब मांडू. एका मोल हायड्रोजनमध्ये २४२ किलोज्यूल आहेत. त्यातले १४० विजेत जातात, १०२ उष्णता होऊन उरतात. ही उष्णता कशी तरी समुद्रात टाकावीच लागते, नाहीतर सेल तापून जाईल. आणि तळाच्या सिलिंडरांत पुढचा मोल सोडवायला हवेत फक्त २८. मग थंड करणारं पाणी सेलमधून गरम होऊन निघाल्यावर थेट समुद्राकडे न पाठवता आधी सिलिंडरांकडून फिरवायचं. बस, एवढंच डिझाइन.

विजेच्या भाषेत सांगायचं तर १०० किलोवॅट काढायला ताशी ५ किलोच्या किंचित वर हायड्रोजन लागतो. तो सुटायला २० किलोवॅट उष्णता हवी, म्हणजे घरातले २ किलोवॅटचे १० गीझर एकदम चालू. ही उष्णता बॅटरीतून द्यायची झाली, तर कमावलेल्या विजेचा पाचवा हिस्सा तिथेच गेला असता. सेल मात्र ७२ किलोवॅट फुकट देतो.

मला या जोडणीत सर्वांत आवडतो तो तिचा आपसूकपणा. मागणी वाढली की सेल जास्त हायड्रोजन खातो, जास्त तापतो, पाणी जास्त गरम होतं, सिलिंडर जास्त सोडतं. मागणी उतरली की सगळं मागे. एक शंका मात्र घेतलीच पाहिजे. कमी भारावर फ्यूएल सेल अधिक कार्यक्षम असतो, पाचव्या हिश्श्याच्या भारावर ६८-६९ टक्के. मग उरणारी उष्णता कमी. ती पुरेल का? ६८ टक्के धरले तर मोलमागे ७७ किलोज्यूल उरतात, लागतात २८. म्हणजे निम्म्याहून जास्त तरीही शिल्लक. पाणबुडी दबा धरून बसते तेव्हा ती अशाच कमी भारावर असते, म्हणून हा हिशेब पूर्ण भाराच्या हिशेबापेक्षा मी जास्त महत्त्वाचा मानतो. शिवाय समुद्रात टाकायची उष्णता तेवढीच कमी होते, ही लपून राहणाऱ्या जहाजासाठी वरकड कमाई.

कागदावर जमतंय. पण उष्णता सिलिंडरच्या पत्र्याशी पोचणं वेगळं आणि भुकटीच्या मध्यापर्यंत पोचणं वेगळं. इथे खरी मारामारी आहे.

मिश्रधातू सिलिंडरात जाताना बारीक खडे असतात. पहिल्या काही वेळा हायड्रोजन पाजला की ते फुगतात, आकसतात, तडकतात आणि त्यांची काही मायक्रॉनची भुकटी होते. लँथॅनम-निकेल तर पूर्ण भरल्यावर आकारमानाने सुमारे २५ टक्के फुगतो. धातू असूनही या भुकटीची उष्णता वाहून नेण्याची ताकद पिठाच्या डब्यासारखी असते, कारण कण एकमेकांना टोकाटोकाला शिवतात आणि मध्ये गॅस. आकडा मीटर-केल्विनला १ वॅटच्या आसपास, अनेकदा त्याहून कमी. ॲल्युमिनियमचा २०० च्या वर, तांब्याचा ४००. तवा तांब्याचा आणि त्यावर चार बोटं कोरडं पीठ, तर वरच्या पिठाला तव्याचा काय उपयोग?

अंतराचा फटका अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात बसतो. भुकटीचा थर ५ मिलिमीटर असेल, तर नुसतं तापमान पलीकडे पोचायला मिनिटभर लागतं. २५ मिलिमीटरला २० मिनिटं. २५० मिलिमीटरला, म्हणजे अर्धा मीटर व्यासाच्या सिलिंडरच्या मध्यापर्यंत, ३५ तास. आणि हा हिशेब हायड्रोजन न सोडता नुसतं तापवण्याचा आहे. वर पाहिलं तसं सोडण्याची उष्णता धातूच्या स्वतःच्या उष्णतेच्या वीसपट आहे, म्हणजे प्रत्यक्षात वेळ आणखी कित्येक पट. बाहेरून जाडजूड सिलिंडरला गरम पाण्याचा वेढा दिला, तर कडेची भुकटी रिकामी होते, मधली तशीच बसून राहते. रिकामी कड मग मधल्या भुकटीच्या आणि पाण्याच्या मध्ये गोधडीसारखी येते.

उपाय सगळे एकाच दिशेचे, की भुकटीच्या कुठल्याही कणापासून चांगला वाहक काही मिलिमीटरवर असला पाहिजे. आतून पाण्याच्या नळ्या टाका, नळ्यांना पंख लावा, ॲल्युमिनियमच्या चकत्यांमध्ये भुकटीचे पातळ कप्पे करा, किंवा भुकटी फुगवलेल्या ग्रॅफाइटमध्ये कालवून तिच्या वड्या दाबा. ग्रॅफाइटचा उपाय मला सगळ्यांत हुशार वाटतो. थोड्याशा कार्बनने वाहकता कित्येक पटींनी वाढते आणि वडी फुटून तळाशी साचत नाही. भुकटी साचणं ही किरकोळ अडचण नाही. आडव्या सिलिंडरात ती खाली गोळा होते, पुढच्या भरणीत फुगते, आणि तळाच्या पत्र्यावर असा रेटा देते की सिलिंडर फुगलेलं सापडतं. म्हणून मोकळी जागा ठेवावी लागते, आणि मोकळी जागा म्हणजे पुन्हा खराब वहन. प्रत्येक पंख, प्रत्येक नळी जागा आणि वजन खाते, तेवढा हायड्रोजन कमी. हा सौदा प्रत्येक डिझाइनर वेगळा करतो.

वजनाचं बोललो तर पाणबुडीची बाजू कळेल. अशा मिश्रधातूंत हायड्रोजन वजनाच्या २ टक्क्यांहूनही कमी मावतो. दीड टक्का धरा. मग १ किलो हायड्रोजनला ६७ किलो धातू, वर पोलाद वेगळं. मोटारगाडीला ५ किलो हवा, म्हणजे ३३० किलो नुसती भुकटी. गाडीवाला इथेच हात जोडतो. पाणबुडीला मात्र पाण्यात बुडायचं आहे आणि सरळ राहायचं आहे. तळाशी वजन तिला लागतंच, शिशाऐवजी हायड्राइड ठेवलं एवढंच.

गाडीचं दुसरं दुखणं वेळेचं. पंपावर ५ मिनिटांत ५ किलो भरायचे तर ७० मेगाज्यूल ५ मिनिटांत बाहेर काढले पाहिजेत, म्हणजे २३० किलोवॅट. गाडी उभी आहे, रेडिएटरला वारा नाही, आणि इंजिनाहून जास्त उष्णता टाकीतून निघते आहे. डाइम्लर-बेन्झने ऐंशीच्या दशकात हायड्राइडच्या गाड्या बर्लिनच्या रस्त्यांवर चालवून पाहिल्या. पुढे टोयोटाने मिराई आणली ती ७०० बारच्या सिलिंडरांवर. पाणबुडी धक्क्याला लागली की तिला घाई नसते. १०० किलो हायड्रोजन भरताना १,४०० मेगाज्यूल निघतात. १० तासांत भरला तर ३९ किलोवॅट, आणि तेवढं तर धक्क्यावरचा एक साधा पंप थंड पाणी फिरवून नेतो.

हलके धातू वापरून वजन कमी करण्याचे प्रयत्नही उष्णतेपाशीच अडखळले. सोडियम ॲलेनेट घ्या. १९९७ मध्ये जर्मनीतल्या म्युलहाइमच्या माक्स प्लांक संस्थेतून बातमी आली की थोडं टायटॅनियम घातलं तर हे संयुग हायड्रोजन सोडतंही आणि परत घेतंही. क्षमता टायटॅनियम-लोहाच्या दुपटीहून जास्त. सगळे धावले. पण त्याला सोडायला लावायचं तर दीडशे अंशांच्या आसपास किंवा वर न्यावं लागतं, आणि फ्यूएल सेलचं पाणी ८० अंशांचं. ८० अंशांच्या पाण्याने १५० अंशांची वस्तू तापत नाही, मग पाणी कितीही असो. मग हायड्रोजनचाच काही भाग जाळून टाकी तापवायची. क्षमतेत मिळवलेलं तिथे गळायला लागतं. हायड्राइडची निवड किती टक्के मावतात यावरून करणाऱ्यांना मी आधी विचारतो, तुमच्याकडे उष्णता किती अंशांची आहे? टाइप २१२ए च्या डिझाइनरांनी कमी क्षमतेचा, पण ८० अंशांच्या बराच आत हायड्रोजन सोडणारा धातू घेतला, आणि तो बरोबर होता.

एक बाजू राहिली, सुरक्षेची. सिलिंडरला भोक पडलं तर? दाबाच्या टाकीतून सगळा गॅस सुसाट बाहेर येईल. हायड्राइडच्या सिलिंडरातून पहिला मोकळा गॅस येईल, मग भुकटी गार पडेल, दाब उतरेल, आणि गळती स्वतःच मंदावेल. आमची बाटली तेच करत होती. आम्ही तिला बिघाड म्हणत होतो, युद्धनौकेवर त्याला कवच म्हणतील. म्हणून वहन सुधारताना हात आखडता घ्यायचं कारणही आहे. फार चांगली वाट करून दिली, तर आग लागल्यावर त्याच वाटेने उष्णता आत जाईल.

आता बाल्टिकमधून अरबी समुद्रात येऊ, कारण आपल्याकडेही हा विषय अधांतरी नाही. माझगाव डॉकने एचडीडब्ल्यूच्या डिझाइनच्या शल्की आणि शंकुल या पाणबुड्या बांधून १९९२ आणि १९९४ मध्ये नौदलाला दिल्या. त्या साध्या डिझेल-इलेक्ट्रिक. एचडीडब्ल्यू आज टीकेएमएस या ज्या जर्मन जहाजबांधणी समूहात आहे, तोच समूह पुढच्या पिढीसाठी माझगाव डॉकचा जोडीदार आहे. दुसरीकडे अंबरनाथच्या नौदल पदार्थ संशोधन प्रयोगशाळेने वेगळाच रस्ता धरला. फॉस्फरिक ॲसिडचा फ्यूएल सेल, आणि हायड्रोजन साठवून न नेता जहाजावरच तयार करायचा. ८ मार्च २०२१ रोजी या यंत्रणेच्या जमिनीवरच्या नमुन्याची मोठी चाचणी झाली. उष्णतेच्या नजरेने पाहिलं तर अंबरनाथने भुकटीला ऊब देण्याचा प्रश्न दारातच सोडून दिला आणि त्याऐवजी पाणबुडीत छोटा रासायनिक कारखाना चालवण्याचा प्रश्न पत्करला.

हायड्राइड मुंबईत आणायचं ठरलं, तर मात्र जर्मन मिश्रधातू जशाचा तसा उचलून चालणार नाही. बाल्टिकचं पाणी हिवाळ्यात काही अंशांवर येतं. सिलिंडर मुख्य कवचाबाहेर, म्हणजे थंड शेजार. तिथे धातू असा हवा की गार असतानाही सेल सुरू करण्यापुरता दाब देईल, कारण सुरुवातीला सेलच थंड असतो आणि उधार द्यायला त्याच्याकडे उष्णता नसते. मुंबईच्या समुद्रात ही काळजी नाही. इथली पंचाईत धक्क्यावरची. १० अंशांच्या पाण्याने सिलिंडर थंड ठेवून ज्या दाबाला हायड्रोजन भरता येतो, त्याच्या दुपटीहून जास्त दाब ३० अंशांच्या पाण्यावर लागेल. सिलिंडर आणि व्हॉल्व्ह तेवढ्या दाबाचे हवेत, नाहीतर धातूचं प्रमाण बदलून पठार खाली आणायला हवं. तेही नको असेल, तर गोदीत भरणीच्या वेळी मोठा चिलर लावायचा. मला विचाराल तर धातू बदलावा. चिलर मे महिन्यात नेमका बंद पडतो.